कपात चहा असेपर्यंत

ब्रॅम्प्टन, ३ मार्च

सेल्बी,

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर दिसला की तुझा फोन आपोआप बिघडतो म्हणे, असं तुझ्याच बायकोनं, रूबीनं, एकदा सांगितलं आणि सांगताना बिचारी हसली. म्हणून पत्र लिहितेय. बहीण आहे मी तुझी, तीही मोठी, तेव्हा निदान वाचशील.

आधी कामाचं. पिंचर्स कोव्हला यंदा जुलैत 'घरी या' वर्ष आहे. जगभर पांगलेले सगळे कोव्हवाले महिनाभर गावी जमणार, चर्चमध्ये जेवणं, धक्क्यावर नाच, घरोघरी चहा. हे मला सख्ख्या भावाकडून कळावं की नाही? कळलं फीबीकाकूच्या कार्डावरून. बाबांनी ते कार्ड फ्रिजवर लावलंय आणि येता-जाता वाचतात. त्यांना यायचंय.

बाबांना डायलिसिस असतं हे तुला माहीत आहे. म्हणजे काय असतं ते माहीत नसणार, विचारलं नाहीस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास खुर्चीत बसून सगळं रक्त मशीनमधून फिरवून घ्यायचं. सुट्टीवर गेलं म्हणून मशीन सुट्टी देत नाही. जिथे जायचं तिथे आधी खुर्ची मिळवायची, मग बाकीचं. तुमच्याकडच्या इस्पितळात सहाच खुर्च्या आहेत. अर्धं न्यूफाउंडलंड बेट जुलैत घरी येणार आणि त्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची मूत्रपिंडं गेलेली! जानेवारीपासून मी तिथल्या बाईच्या मागे लागले होते. शेवटी कंटाळून तिनं दोन आठवड्यांची दुपारची पाळी दिली.

मशीनचे पैसे आमच्या ऑन्टारियोच्या सरकारी कार्डावर तिथेही चालतात. मात्र माणूस मशीनपर्यंत कसा न्यायचा हे ज्याचं त्यानं बघायचं. इथे दारात बस येते, पायरी खाली होणारी. तिथे मीच. कोव्हपासून इस्पितळ दीड तास, परत दीड तास, आणि परतायची वेळ नेमकी मूस, ती घोड्याएवढी हरणं, रस्त्यावर उतरायची. मी शाळेची बस चालवते रे, पण त्या रस्त्याची मला आता भीती वाटते.

तर विचारते: एखादा दिवस तू त्यांना नेशील का? एकच. तुझ्याकडे ट्रक आहे, रस्ता तुला पाठ आहे. बोलायची सक्ती नाही, रेडिओ लाव.

राहायची सोय फीबीकाकूकडे झाली आहे, त्यामुळे घाबरू नकोस, तुझ्या दारात पथारी टाकणार नाही.

ग्लेंडा

ब्रॅम्प्टन, २८ एप्रिल

सेल्बी,

उत्तर नाही. ठीक आहे. ईस्टरच्या कार्डात रूबीनं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "त्याला सांगते." म्हणजे पत्र पोचलंय.

आमची तयारी ऐक. विमानानं आलो असतो तर चार तासांत बेटावर. पण जुलैत तिथे भाड्याची गाडी मिळणं कठीण, मिळाली तर भाव असा की त्यात जुनी गाडी विकत येईल. आणि गाडीशिवाय बाबांना इस्पितळात कसं नेऊ, पाठीवर? म्हणून माझीच गाडी घेऊन येतो. शुक्रवारी इथलं डायलिसिस आटपलं की निघायचं, क्वेबेक ओलांडायचं, न्यू ब्रन्सविकात मोटेल, रविवारी संध्याकाळी नॉर्थ सिडनीला फेरी, सोमवारी सकाळी बेटावर, आणि तिथून थेट खुर्चीत. यात कुठे एक गाठ सुटली की सगळं घसरत जातं.

खर्चाला इथल्या न्यूफाउंडलंड क्लबनं बिंगो ठेवला. बाबा स्वतः आकडे पुकारायला बसले. त्यांचा आवाज अजून तसाच आहे, बोटीवरून धक्क्यावर ओरडायचे तसा. पुकारता पुकारता म्हणाले, "मित्रांनो, जरा सढळ हातानं खेळा, म्हातारं मूत्रपिंडाशिवाय घरी निघालंय." लोक हसले, आणि पेट्रोल आणि फेरी निघाली त्यातून. मोटेलं माझ्या अंगावर. असो, मी तुझ्याकडे पैसे मागत नाहीये.

मला माहीत आहे, तुला लायसन्सच टोचतंय. पंचवीस वर्षं झाली रे. समुद्रातला कॉड मासा संपला, सरकारनं बंदी घातली आणि मासेमारीची लायसन्सं परत विकत घ्यायला सूटवाले आले. बाबांनी आपल्या स्वयंपाकघरात बसून सही केली. तू चोवीस वर्षांचा, त्याच बोटीवर वाढलेला, आणि तुला विचारलंसुद्धा नाही. पुढे ज्यांनी लायसन्स राखलं त्यांना खेकड्याचा कोटा मिळाला, त्यांचे बंगले झाले, आणि तू त्यांच्या बोटीवर पगारी. मी बाबांची बाजू घेत नाही. विचारायला हवं होतं त्यांनी. मीही त्यांना तोंडावर सांगितलंय.

पण बाबांनी त्या पैशांनी काय चैन केली? ब्रॅम्प्टनच्या गोदामात खोकी उचलली. आई गेली तेव्हा तू आलास, अंत्यविधीला मागच्या बाकाजवळ उभा राहिलास आणि रात्री आमच्या दारात ट्रकमध्ये झोपलास. बाबा खिडकीतून बघत होते. सकाळी खाली येऊन म्हणाले, "काचा आतून धुकटल्यात, म्हणजे पोरगा आत आहे." कॉफी घेऊन बाहेर गेले, तर तू निघून गेला होतास.

तेवढा एक दिवस ने त्यांना. माझ्यासाठी म्हण हवं तर.

ग्लेंडा

नॉर्थ सिडनी, फेरीचा तळ, ९ जुलै

सेल्बी,

हे पत्र मी टाकणार नाही. पर्समध्येच राहील. पण आत्ता कुणाशी तरी बोलले नाही तर मी या स्टिअरिंगवर डोकं आपटीन.

फेरी रद्द. वारा. अख्खा तळ गाड्यांनी भरलाय आणि सगळे आपलेच, त्यामुळे कुणाला दुःख नाही. कुणीतरी अकॉर्डियन काढलंय, एक जण छोट्या शेगडीवर बोलोनी सॉसेजचे काप तळतोय. उद्या दुपारी बघू म्हणाले. म्हणजे सोमवारची खुर्ची गेली. मी तिथल्या बाईला फोन केला, रडायचीच बाकी होते. ती म्हणाली, "मंगळवारी सकाळी कुणाच्या तरी आधी घुसवते. तोवर पाणी सांभाळायला सांग त्यांना. शुक्रवार ते मंगळवार फार होतं हं."

पाणी म्हणजे काय ते तुला सांगायला हवं. बाबांना लघवी होत नाही. प्यायलेलं सगळं अंगातच राहतं, पायात, मग फुप्फुसात, मशीन काढेल तेव्हाच निघतं. म्हणून दिवसाला एक लिटर, त्यात सूप आलं, चहा आला, सगळं आलं. बाबा लिंबाच्या गोळ्या चघळून दिवस काढतात. आणि हे कुणाला सांगायचं नाही अशी त्यांची आज्ञा आहे. "लोक मला बाटलीतलं पोर समजतील."

मघाशी शेजारच्या गाडीतली बाई थर्मास घेऊन आली. "घ्या हो काका, घोटभर, वारा किती बोचतोय." बाबा म्हणाले, "नको, मी चहा सोडलाय." चहा सोडलाय! बेटावरच्या माणसानं! ती बाई त्यांच्याकडे अशी बघत राहिली की मला दार लावून घ्यावंसं वाटलं. नंतर तिच्या नवऱ्याला सांगत होती, "ऑन्टारियोत राहिले की होतात असे."

आता खरं ते लिहिते. बाबा डॉक्टरीणबाईंना सांगून निघालेत: परत आलो की मशीन बंद. मला काही बोलू दिलं नाही. म्हणाले, "ग्लेंडा, मला पुरे झालंय. झोप नाही, भूक नाही, हाताची चाळण झाली. माझ्या मनानं थांबतोय, रडू नको." मशीन थांबलं की आठवडा जातो, फार तर दोन. त्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आधी घरी जाऊन या, मग बोलू."

आणि त्यांना घरी जाऊन काय करायचंय माहीत आहे? त्यांना नाच नको, चर्चचं जेवण नको. त्यांना एकदा तुझ्या टेबलाशी बसायचंय. बस, तेवढंच. मी म्हटलं, मग सेल्बीला सांगू या ना, तुमचं हे असं ठरलंय म्हणून. तर एवढे चिडले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा गालांवर रंग आला. "खबरदार! कीव करून दार उघडलं तर ते मला नको. त्याला वाटलं तर उघडेल."

म्हणून सांगत नाही. झोपलेत आत्ता. पावलं बुटात मावत नाहीत, लेस सोडून ठेवलीये. सेल्बी, दार उघड रे.

ब्रॅम्प्टन, ३० जुलै

सेल्बी,

पोचलो. परतीची फेरी वेळेवर निघाली, वाटेतलं डायलिसिस वेळेवर झालं. बाबा ठीक आहेत.

तुझे आभार मानायला बसले आणि तीन कागद फाडले. मला ते जमत नाही. आपल्या घरात कुणालाच जमत नाही. त्यापेक्षा तुला जे माहीत नाही ते सांगते.

गावात बाबांबद्दल काय बोलत होते ते तुझ्या कानावर आलं असणारच. हेडली डर्नफर्ड मोठा माणूस झालाय, कुणाच्या घरी कप तोंडाला लावत नाही. इसॉकाका तर रस्त्यात अडवून म्हणाले, "काय रे हेड, आमच्या किटलीला गंज चढलाय का?" लहानपणापासूनचा मित्र तो! बाबा नुसते हसले. फीबीकाकू रोज सकाळी कप मांडायची आणि रोज सकाळी तो उचलायची, आणि माझ्याकडे बघून मान हलवायची. मला सांगायची चोरी. मग शनिवारी रूबी आली आणि म्हणाली, "उद्या दुपारी जेवायला आणा त्यांना. सेल्बीनं सांगितलंय."

तू सांगितलं होतंस का रे, की तिनंच ठरवलं? नको सांगूस. बाबांना वाटलं तू सांगितलंस.

शनिवारी दुपारपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. मला वाटलं बरं नाही. विचारलं तर म्हणाले, "उद्याचं राखून ठेवतोय." रविवारी सकाळी औषधंही त्यांनी कोरडीच गिळली. मी त्यांना तुझ्या दारात सोडलं आणि आत आले नाही, कारण मी आत आले असते तर तुम्ही दोघं माझ्याशीच बोलत बसला असता. मी चर्चमध्ये भांडी पुसायला गेले. माझा हिशोब असा, की राखलेलं आहे, तर एक कप होईल, फार तर दोन.

आणि रूबीनं वाढलं काय, तर खारवलेलं गोमांस, बटाटे, कोबी, डाळीचं पुडिंग. रविवारचं जेवण दुसरं काय असणार, तिची काय चूक. मीठ पोटात गेल्यावर माणसाला किती तहान लागते सांग. त्यात तिला शिकवण आपल्या सगळ्यांची, की पाहुण्याचा कप रिकामा दिसता कामा नये. ती भरत गेली, ते पीत गेले. संध्याकाळपर्यंत किती कप झाले ते तुलाच माहीत. मी नंतर इस्पितळात त्यांच्यावर ओरडले, नर्ससमोर ओरडले. "अहो, कपावर हात ठेवायचा! नको म्हणायचं! आठवडाभर सगळ्या गावाला नको म्हणालात ना?"

नाकात ऑक्सिजनची नळी होती. ती जरा बाजूला करून म्हणाले, "कप संपला की पाहुण्यानं उठायचं असतं, ग्लेंडा. चहा असेपर्यंत कोण उठवतं?"

म्हणजे बसायला मिळावं म्हणून पीत होते. तू समोर बसून खेकड्याच्या भावाबद्दल बोलत होतास म्हणे, हवामानाबद्दल, इसॉकाकाच्या गुडघ्याबद्दल. लायसन्सचं नाव दोघांनीही काढलं नाही. बाबांना ते सगळं पाठ आहे. मला दोनदा सांगून झालंय.

मग श्वास लागला. रूबीचा फोन आला तोवर तू त्यांना उचलून ट्रकमध्ये घातलं होतंस आणि निघालाही होतास. मी मागून येत होते, तुझे मागचे दिवे बघत, आणि मनात एकच, मूस आडवा येऊ नये. तिथे डायलिसिसच्या नर्सला घरच्या जेवणावरून उठवून आणलं, तिनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. तू आत आला नाहीस. मी कॉफी घेऊन बाहेर आले तर ट्रकचं दार उघडून म्हणालास, "बस." चार तास बसलो आपण. तू रडत होतास आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

ट्रकमध्ये तू त्यांना काय म्हणालास ते त्यांनी मला सांगितलं. "श्वास घ्या बाबा. पुढच्या जुलैत होडीतून नेतो तुम्हाला, जुन्या जागी, कॉड धरायला. श्वास घ्या फक्त." खरं ना? आता उन्हाळ्यात घरापुरता कॉड धरू देतात म्हणे. आणि मग उरलेल्या सगळ्या खेपा तूच मारल्यास. मी मागितली होती एक.

परवा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तपासणी नेहमीचीच होती. पण त्यांना बाबांशी एक जुनं बोलणं पुरं करायचं होतं, त्याबद्दल आत्ता नको. बाबा त्यांना म्हणाले, "ते राहू द्या. मला पुढच्या जुलैत जायचंय. आत्तापासून खुर्ची सांगून ठेवता येते का?"

ग्लेंडा

ब्रॅम्प्टन, १५ नोव्हेंबर

सेल्बी,

रूबीला दोनदा फोन केला. तू बोटीवर आहेस म्हणाली. बोटीवर नसशील तेव्हा कर.

बाबांची तब्येत चांगली नाही. पायाच्या बोटाला जखम झाली आणि भरत नाही. मशीनवर असताना पोटऱ्यांत असे गोळे येतात की चांगला खंबीर माणूस ओरडतो. घरी आले की कोटासकट पलंगावर पडतात, संध्याकाळी उठतात, थोडं खातात, पुन्हा झोपतात. मधला दिवस बरा जातो आणि मग पुन्हा बस येते. मागच्या आठवड्यात बसच्या पायरीवर पडले. ड्रायव्हरनं उचललं तर त्याला म्हणाले, "जरा जपून रे, मला जुलैत होडीत बसायचंय."

सगळ्यांना सांगतात. नर्सना, ड्रायव्हरला, खालच्या मजल्यावरच्या सरदारजींना. "माझा मुलगा मला कॉड धरायला नेणार आहे." सरदारजी बिचारे दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं करतात. खुर्चीसाठी जानेवारीत अर्ज पाठवायचा असतो हे मी सांगितलं तर म्हणाले, "उशीर होईल, आत्ताच पाठव." तेव्हा पाठवलाय. पुढच्या जुलैची खुर्ची मिळाली, दोन तारखेपासून, सोमवार बुधवार शुक्रवार. त्यांनी ती चिठ्ठी उशाशी ठेवलीये.

मला एक विचारायचंय आणि नीट उत्तर दे. तू ते मनापासून बोललास की घाबरून? त्या वेळी त्यांचे ओठ निळे पडले होते, मी असते तर मीही काहीबाही बोलले असते. माणूस बोलून जातो. पण तू जर नुसतंच बोलून गेला असशील तर मला सांग. मी त्यांना सांगणार नाही. मला माहीत पाहिजे एवढंच. कारण ते रोज जे सोसतायत ते तू बघत नाहीस, मी बघतेय, आणि कधी कधी मला तुझा इतका राग येतो की वाटतं त्या दिवशी तू त्यांना घरात घेतलं नसतंस तर बरं झालं असतं.

हे लिहून गेले. खोडत नाही.

मनापासून असेल तर त्यांना फोन कर. काय बोलायचं हा प्रश्न असेल तर होडीबद्दल बोल. इंजिन कुठलं बसवलंस, रंग कुठला दिलास. दोन मिनिटं पुरतील त्यांना, महिनाभर पुरतील.

ग्लेंडा

ब्रॅम्प्टन, २६ मार्च

सेल्बी,

तू परत गेल्यापासून घर फार मोठं वाटतंय. या वेळी ट्रक नव्हता म्हणून असेल, पण तू बाबांच्या पलंगावर झोपलास, त्याचं मला बरं वाटलं. चादर अजून बदलली नाही.

विमानतळावर तू विचारलंस आणि मी घाईघाईनं तुझी बॅग उचलून दिली. तुला रूबीकडून कळलं होतं आणि तिला फीबीकाकूकडून, आणि काकूला मीच एका वाईट दिवशी फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालास, "गेल्या जुलैत ते थांबणार होते ना? मग मी बोललो म्हणून त्यांनी हे सगळे महिने सोसलं का?" मी म्हणाले, "छे, काहीतरीच काय."

खोटं बोलले. हो, तुझ्यामुळेच. सोबत एक पत्र आहे, फेरीच्या तळावर लिहिलेलं, तेव्हा टाकलं नव्हतं. वाच म्हणजे कळेल ते काय ठरवून निघाले होते. तू बोललास आणि त्यांनी ते मोडलं.

हे तुला टोचावं म्हणून सांगत नाही. टोचेल, मला माहीत आहे. पण खोट्यावर तुला उभं करून ठेवलं तर पुन्हा पंचवीस वर्षं जातील आणि आता आपल्याजवळ तेवढी नाहीत. ते महिने वाईट होते, सेल्बी. शेवटी शेवटी त्यांना घासही गिळवत नव्हता. आणि ते त्यांना हवे होते. दोन्ही खरं आहे. मी रोज रात्री या दोन्हींचा मेळ घालायला जाते आणि मला जमत नाही, तेव्हा तूही जमवू नकोस.

नाताळात तू फोन केलास तेव्हा वाऱ्याबद्दलच बोललास. होडीचं अक्षर नाही. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात तुला शिव्या देत होते. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "पोरगं शहाणं आहे. होडीचं आधी बोललं की हवा बिघडते." आणि खुशीत झोपले. आता तू इथे स्वयंपाकघरात सांगितलंस, की ऑक्टोबरातच होडीत त्यांच्यासाठी पाठ टेकायला फळी ठोकली होतीस. अरे, मग तेवढं वाक्य बोलायला तुला काय झालं होतं? ते किती हसले असते!

सोमवार होता तो. शनिवार-रविवार मशीन नाही, त्यामुळे सोमवारी ते नेहमीच जड असायचे. कोट घालून, टोपी घालून दाराजवळच्या खुर्चीत बसले. मी माझ्या बसच्या फेरीला निघत होते. म्हणाले, "जा तू, माझी येतेय." त्यांची बस आली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग खाली उतरून दार वाजवलं. मग मला फोन केला. तो सांगत होता की ते झोपल्यासारखेच दिसत होते. मी त्याच्यावर विश्वास ठेवलाय.

अस्थी घेऊन मी जुलैत येते. बाबांना कोव्हमध्येच ठेवू. राहायला तुझ्याकडे येईन, विचारत नाहीये, सांगतेय.

आता एक काम तुझ्यावर टाकते. काल तुमच्या इस्पितळातून त्या बाईचा फोन आला होता. तीच, जिनं गेल्या वर्षी आपल्याला मंगळवारी घुसवलं होतं. आनंदात होती. "मिस्टर डर्नफर्ड येतायत ना? दोन जुलै, दुपारची पाळी, मी खिडकीजवळची खुर्ची ठेवलीये त्यांना. फक्त पक्कं करायला फोन केला, कारण रांगेत माणसं आहेत." मी फोन टेबलावर ठेवून उगाच किटली चढवली. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. शेवटी म्हणाले, "त्यांचा मुलगा कळवेल." म्हणाली, "बरं झालं, म्हणजे मुलगा आणणार आहे वाटतं त्यांना."

तू जा. फोनवर नको, जाऊन भेट, तू तिथे दारापर्यंत येऊन कधी आत गेला नाहीस. आत जा, तिला तिचं नाव विचार, आणि सांग की मी हेडली डर्नफर्डचा मुलगा, त्यांना मी आणणार होतो.

ग्लेंडा